कोळसा संपला, आता आमची जमीन परत करा : खाणी आणि वायू प्रकल्पांना परवानगी देणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, कोळसा मंत्रालय, भारत सरकार
मा. सचिव, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, भारत सरकार
मा. सचिव, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय, भारत सरकार
मा. अपर मुख्य सचिव, महसूल विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : कोळसा काढून झालेली शेतजमीन मूळ कास्तकारांना परत मिळण्याबाबत, तसेच खाणी व वायू प्रकल्पांलगतच्या शेतीच्या संरक्षणाबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात गेली छत्तीस वर्षे मी शेती करते आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमची साडेनऊ एकर काळी जमीन होती. १९९६ साली त्यातली साडेचार एकर कोळशासाठी संपादित झाली आणि उरलेल्या पाच एकरांत आम्ही आजही कापूस, तूर आणि सोयाबीन घेतो. संपादनाचे कागद घेऊन अधिकारी आमच्या ओसरीवर आले होते, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्यांना एवढेच विचारले होते की कोळसा संपल्यावर जमिनीचे काय होणार. साहेब सभ्य होते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बाबा, ते तेव्हाचे तेव्हा पाहू." सासरे २००९ मध्ये वारले. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूचा कोळसाही संपला, यंत्रे पलीकडे सरकली आणि खड्ड्यात पाणी साचले. साहेबांनी सांगितलेले "तेव्हा" आता आले आहे.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत झालेल्या बैठकीत आम्हाला तोंडी सांगण्यात आले की, या संपलेल्या खाणीची जमीन कोळशापासून वायू तयार करणाऱ्या एका प्रकल्पाला भाडेपट्ट्याने देण्याचा विचार सुरू आहे. कागद मागितला तर तो अजून झालेला नाही, असे उत्तर मिळाले. ज्या जमिनीचा कोळसा निघून गेला ती जमीन आम्हाला न विचारता तिसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर गप्प बसणे मला शक्य नाही. हे पत्र मी माझ्या नावावर असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही जमिनींसाठी लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज होणार नाही. मी कोळशाच्या विरोधात नाही. जमिनीच्या बदल्यात माझ्या धाकट्या दिराला खाणीत नोकरी लागली, त्या पगारावर दोन पुतणे शिकले, आणि आमच्या घरात जो दिवा लागतो त्यामागेही बहुतेक कोळसाच आहे. देशात २०२४-२५ या वर्षात शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला आणि आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज त्यावरच होते, हे मला ठाऊक आहे. पण खाणीचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते आणि शेताला आयुष्याची मर्यादा नसते. म्हणून ज्याचे काम थोड्या काळाचे आहे त्याने जमीन उसनी घ्यावी आणि परत कशी करणार ते घेतानाच ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. उसने घेतलेले पायलीभर धान्यसुद्धा आमच्याकडे मापून परत केले जाते.

आता तक्रारी सांगते.

सर्वांत मोठी तक्रार कायद्याबद्दल आहे. आमची जमीन कोळसाधारक क्षेत्रे (संपादन आणि विकास) अधिनियम, १९५७ खाली गेली. या कायद्यात जमीन घेण्याची वाट अगदी तपशिलाने आखलेली आहे : सर्वेक्षणाची अधिसूचना, संपादनाचा इरादा, हरकती, आणि शेवटी जमिनीवरचे सर्व हक्क सरकारकडे व तिथून सरकारी कंपनीकडे जाणे. मात्र कोळसा संपल्यावर ती जमीन ज्याची होती त्याच्याकडे परत जाण्याची वाट या कायद्यात नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा आम्हाला वाटले होते की हा दोष निघेल. त्या कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आहे, बहुपीक ओलिताची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असे बंधन आहे, आणि पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या भूमिपेढीत परत करण्याची तरतूदही आहे. परंतु ज्या तेरा कायद्यांना त्यातून वगळले गेले त्यांत १९५७ चा हा कोळशाचा कायदा होता. २०१५ च्या आदेशाने मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू झाल्या, त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. मूल्यमापन, संमती आणि परतावा या गोष्टी मात्र आमच्यापर्यंत आल्याच नाहीत.

त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच कायद्याखाली घेतलेल्या जमिनींच्या वापराचे धोरण मंजूर केले. कोळसा काढून झालेली किंवा खाणीला न लागणारी जमीन कोल वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), रेल्वे सायडिंग, औष्णिक आणि सौर वीज प्रकल्प, पर्यायी वनीकरण, प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन, कोळशाचे वायूकरण अशा कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येईल, असे त्यात ठरले. जमीन पडून राहू नये, त्यावर अतिक्रमण होऊ नये, हा त्यामागचा हेतू मला समजतो आणि तो चुकीचाही नाही. पण ती यादी मी दोनदा वाचली आणि मूळ कास्तकाराने पुन्हा शेती करावी, हा उपयोग मला त्यात कुठेही दिसला नाही. ज्या जमिनीवर शतकानुशतके पीक निघाले तिच्या पुढच्या उपयोगांच्या यादीत पीकच नसावे, ही चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही?

खाणलेली जमीन पुन्हा शेतीलायक होत नाही, असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. काही ठिकाणी ते खरे असेल, पण सगळीकडे नाही. जर्मनीच्या ऱ्हाईन भागातल्या लिग्नाइटच्या खाणींमध्ये वरचा सुपीक थर वेगळा काढून पुन्हा पसरवतात, सुरुवातीची काही वर्षे त्यात लसूणघास घेऊन माती जिवंत करतात, आणि मगच ती शेते शेतकऱ्यांच्या हाती सोपवतात. तिथेही गावे उठली आणि लोक रस्त्यावर आले, तेव्हा ते सगळे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. पण माती परत करता येते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. अमेरिकेने १९७७ साली उघड्या कोळसा खाणींसाठी केलेल्या कायद्यात याहून पुढचे पाऊल आहे. उत्तम शेतजमिनीवर खाण केली असेल तर मातीचे थर वेगवेगळे काढून ठेवावे लागतात, आणि आसपासच्या न खाणलेल्या जमिनीइतके पीक पुन्हा तिथे निघाल्याचे दाखवल्याशिवाय कंपनीने ठेवलेली अनामत पूर्ण सुटत नाही. म्हणजे जमीन सुधारली की नाही, याचा निकाल अहवालावर न लागता पिकावर लागतो. मला ही कसोटी फार योग्य वाटते, कारण ती कोणत्याही शेतकऱ्याला समजते.

आपल्याकडे २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि उघड्या खाणींसाठी हेक्टरी सहा लाख रुपये या हिशेबाने रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पुढे सूचना बदलल्या, रक्कमही वाढली. आमच्या खाणीच्या खात्यात किती पैसे आहेत, त्यातले किती खर्च झाले आणि कशावर, हे विचारण्यासाठी मी तीन वेळा अर्ज केले. उत्तर आले नाही. वरची काळी माती आमच्या डोळ्यांदेखत डंपरमध्ये भरून नेली गेली आणि खालच्या मुरमाखाली, दगडाखाली दाबली गेली. ती माती वेगळी ठेवणे बंधनकारक होते. ती वेगळी ठेवली असती, फार उंच न रचता तिच्यावर घास लावून जिवंत राखली असती, तर आज परत मागण्यासारखे काहीतरी शिल्लक असते. आता जे शिल्लक आहे ते म्हणजे साठ-सत्तर फुटांचे ढिगारे. त्यांवर वेड्या बाभळीचे रान माजले आहे. या पट्ट्यात अशा झुडपांत बिबटे आणि वाघ वस्तीला येतात, आणि संध्याकाळी शेतातून एकटे परतणे आम्ही बायांनी सोडून दिले आहे. खाणीच्या जमिनीवर गवत लावून ती गुरांच्या चाऱ्यायोग्य करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी सांगितले. आमच्या बाजूच्या ढिगाऱ्यावर गुरे चरायला नेण्याचे धाडस कोणी करणार नाही.

दुसरी तक्रार उरलेल्या पाच एकरांची आहे, आणि खरे सांगायचे तर ती मला अधिक छळते. ज्यांची जमीन गेली त्यांना निदान मोबदला मिळाला. ज्यांचे शेत खाणीच्या हद्दीच्या चार हात बाहेर राहिले, त्यांना आपल्या कागदांत नावच नाही. ते प्रकल्पग्रस्त नाहीत. मग त्यांचे जे नुकसान होते ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

आमची विहीर पंचेचाळीस फूट खोल आहे. पूर्वी गुढीपाडव्यानंतरही तिच्यात मोटर चालत असे आणि आता संक्रांतीलाच तळ दिसतो. २०११ पासून दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मी दोरीला दगड बांधून विहिरीतले पाणी मोजते आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवते. दोरीला फुटाफुटावर गाठी मारलेल्या आहेत. पहिल्या वर्षीच्या एक फेब्रुवारीला पाणी काठापासून बाविसाव्या गाठीवर लागले होते, गेल्या एक फेब्रुवारीला एक्केचाळिसाव्या. पाऊस कमी झाला असेल असे कोणी म्हणेल, म्हणून शेजारच्या तहसिलातील पावसाचे आकडेही मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवले आहेत आणि त्यात इतका फरक नाही. उघडी खाण भूजलाच्या पातळीखाली जाते तेव्हा ती कोरडी ठेवण्यासाठी रात्रंदिवस पाणी उपसावे लागते, आणि त्यामुळे चहूबाजूंचे पाणी खड्ड्याकडे ओढले जाते. हे समजायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. एका बैठकीत मी ही वही पुढे केली, तेव्हा "हे शास्त्रीय मोजमाप नाही" असे सांगून ती परत करण्यात आली. मला ते मान्य आहे. पण शास्त्रीय मोजमाप ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते दाखवायला नको का? केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार खाणींना पाणी उपसण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि निरीक्षण-विहिरींमधून पातळी नोंदवावी लागते. ते आकडे कुठेतरी आहेत, फक्त ते गावात येत नाहीत.

आणि धूळ. कोरड्या हवेत डिसेंबर-जानेवारीत डंपरच्या रस्त्यावरून जी काळी धूळ उडते ती फुटलेल्या बोंडांवर बसते. वेचणीच्या बाया दुपारी हात धुतात तेव्हा पाणी काळे होते. कापूस विकायला नेला की व्यापारी मूठभर घेतो, उजेडाकडे धरतो, दोन बोटांनी ताणून पाहतो आणि काही न बोलता भाव उतरवतो. सरकी, धागा, ओलावा सगळे ठीक असते, फक्त रंग उतरलेला असतो. एका हंगामात असे किती नुकसान झाले हे मी सांगू शकते, पण ते कोणाकडे मागावे हे सांगू शकत नाही, कारण असा अर्ज स्वीकारणारी खिडकी कोणत्याही कार्यालयात नाही. भिंतींना गेलेल्या तड्यांचेही तेच. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने गावातल्या घरांसाठी स्फोटांच्या हादऱ्याची मर्यादा घालून दिली आहे, कमी वारंवारितेच्या कंपनांसाठी ती सेकंदाला पाच मिलिमीटर आहे. मात्र आमच्या गावात तो हादरा कोणी मोजल्याचे मी पाहिलेले नाही.

हद्दीबाहेरच्या शेतकऱ्याची काळजी घेणे अशक्य आहे असे मला वाटत नाही, कारण इतरांनी ते करून दाखवले आहे. ज्या अमेरिकी कायद्याचा वर उल्लेख केला, त्याच कायद्यानुसार उघड्या खाणीमुळे कोणाचे पिण्याचे किंवा शेतीचे पाणी आटले वा बिघडले तर पर्यायी पाणी देणे खाणचालकावर बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये कोळशाच्या थरांतला वायू काढताना भूजल किती खाली जाईल याचा अंदाज एक स्वतंत्र कार्यालय बांधते, आणि खडकातल्या जलधरात (जमिनीखालच्या पाण्याच्या थरात) पाच मीटर किंवा सैल गाळाच्या जलधरात दोन मीटरपेक्षा जास्त घट अपेक्षित असेल तर कंपनीला त्या शेतकऱ्याशी भरपाईचा करार करावा लागतो. लक्षात घ्या, विहीर आटण्याची वाट न पाहता. पेनसिल्व्हानिया राज्याने २०१२ च्या कायद्यात पुरावा देण्याचा भारच उलटा केला : शेल वायूच्या (शेल नावाच्या खडकातून काढलेल्या नैसर्गिक वायूच्या) विहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत, काम झाल्यापासून वर्षभरात पाणी बिघडले तर ते कंपनीमुळेच बिघडले असे धरले जाते, आणि तसे नाही हे कंपनीने सिद्ध करायचे. साहजिकच तिथल्या कंपन्या काम सुरू करण्यापूर्वी स्वतःहून आसपासच्या विहिरींचे पाणी तपासून घेतात. नियम बरोबर लावला की मोजमाप आपोआप होते. आपल्याकडे पुरावा देण्याचे ओझे गाठी मारलेल्या दोरीवर आहे.

तिसरी तक्रार जनसुनावणीची. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेने आम्हाला बोलण्याची एक जागा दिली. तीस दिवसांची सूचना, जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत सभा, आणि जे बोलले गेले त्याची नोंद. ती जागा अपुरी होती, कारण शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो आणि मराठीत फक्त थोडक्यात सारांश मिळतो, ज्यात आमच्या विहिरींबद्दल चार ओळी असतात. पण जागा होती. त्यानंतर ती आक्रसत गेली. २०१७ मध्ये चालू कोळसा खाणींना ४० टक्क्यांपर्यंतचा विस्तार सुनावणीविना करण्याची सवलत देण्यात आली आणि २०२२ मध्ये ती मर्यादा ५० टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजे आणि अत्यावश्यक व सामरिक खनिजांच्या खाणी जनसुनावणीतूनच वगळल्या गेल्या. प्रत्येक वेळी कारण निकडीचे होते. निकड खरीही असेल. तरीही खाण दीडपट होताना तिच्या कडेला राहणाऱ्यांना विचारण्यासाठी एक दिवस काढता येत नाही, हे मला पटत नाही. लोकांना विचारले की ते नेहमी नकारच देतात, अशी भीती आपल्याला वाटत असावी. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला हे खरे आहे, आणि तो त्यांचा हक्क होता. पण आमच्यासारख्या अनेक गावांनी होकारही दिलेला आहे. आम्हाला विचारले असते तर आम्ही अटी घातल्या असत्या, आणि त्या अटींमुळे खाण अधिक चांगली चालली असती.

आता वायूबद्दल, कारण नवा प्रस्ताव त्याचाच आहे. २०३० पर्यंत दरवर्षी दहा कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी मिळाली. मी समजून घेतले ते असे : कोळसा मर्यादित प्राणवायू आणि वाफेसह प्रचंड उष्णतेत तापवला की त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतो, ज्यापासून खत, मिथेनॉल वगैरे बनते. खताची आयात त्याने कमी होणार असेल तर शेतकरी म्हणून मला ते हवेच आहे. पण या प्रक्रियेला भरपूर पाणी लागते, मागे राख उरते, आणि सांडपाण्यात फिनॉलसारखी घातक द्रव्ये येऊ शकतात. ज्या भागात औष्णिक वीज केंद्रे, सिमेंट आणि खाणी आधीच एकाच नदीचे पाणी वापरतात आणि ज्यातील चंद्रपूर २००९ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या गंभीर प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आले, त्या भागाची आणखी किती सोसण्याची ताकद उरली आहे याचा हिशेब एकेका प्रकल्पापुरता मांडून चालणार नाही. प्रत्येक अहवाल स्वतःपुरता निर्दोष असतो, पण धूळ, धूर आणि उपसा आमच्या शेतात एकत्र येतात.

कोळशाच्या थरांतला मिथेन काढण्याची पद्धत वेगळी आहे. त्यात थरातले पाणी आधी उपसून दाब कमी करावा लागतो, आणि ते बहुधा खारट पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न शेतीशी थेट भिडतो. तामिळनाडूने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशापुरता हा प्रश्न २०२० मध्ये कायद्याने सोडवला. तो भाग संरक्षित कृषिक्षेत्र ठरवून तिथे तेल, नैसर्गिक वायू आणि कोळसाथरातील मिथेनचे नवे प्रकल्प बंद केले. जमिनीखालीच कोळसा जाळून वायू काढण्याच्या प्रयोगाबाबत तर मी अधिकच सावध राहण्याची विनंती करते. क्वीन्सलँडने अशा एका प्रकल्पातील प्रदूषणानंतर या पद्धतीवर २०१६ मध्ये बंदीच घातली, आणि आपल्याकडे झारखंडात कास्ता येथे २०२४ मध्ये तिची चाचणी सुरू झाली आहे. आसामात बाघजान येथे २७ मे २०२० रोजी वायूची विहीर फुटली, ९ जूनला तिला आग लागली, दोन अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि विहीर आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. तिथली भातशेती आणि मागुरी-मोटापुंग बील हे पाणथळ क्षेत्र त्या काळात तेलाच्या आणि राखेच्या थराखाली होते. अपघात कुठेही होऊ शकतो, हे मान्य. पण तो झाल्यावर शेतकऱ्याने कोणाकडे जायचे, हे आधी लिहिलेले असावे.

एक लहानसा मुद्दा निधीचा. २०१५ पासून खाणबाधित भागांसाठी खाणचालकांकडून निधी घेणारे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, आणि २०२४ च्या सूचनांनुसार खाणीपासून पंधरा किलोमीटरच्या आतले क्षेत्र थेट बाधित मानून सत्तर टक्के खर्च तिथे व्हायला हवा. ही चांगली तरतूद आहे, तिची अंमलबजावणी गावनिहाय जाहीर करावी. मात्र तेल आणि वायूच्या विहिरी वेगळ्या कायद्याखाली येत असल्याने त्यांच्या शेजाऱ्यांसाठी असे प्रतिष्ठानच नाही, ही त्रुटी दूर व्हायला हवी.

यावरून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१९५७ च्या कोळसा कायद्यात दुरुस्ती करून, कोळसा काढून झालेल्या शेतजमिनीवर पहिला हक्क मूळ कास्तकाराचा किंवा त्याच्या वारसाचा राहील, अशी तरतूद करावी. जमीन शेतीयोग्य असेल तर ती परत द्यावी, आणि नसेल व दुसऱ्या प्रकल्पाला भाड्याने दिली जाणार असेल, तर त्या भाड्यात मूळ मालकाचा कायम वाटा ठेवावा. ही दुरुस्ती होईपर्यंत २०२२ च्या धोरणाखाली अशा जमिनींचे नवे भाडेपट्टे ग्रामसभेच्या लेखी संमतीविना करू नयेत. आमच्या गावाजवळच्या प्रस्तावाला हेच लागू करावे.

खाण बंद करण्यासाठी ठेवलेली अनामत रक्कम जमीन पिकाच्या कसोटीला उतरल्याशिवाय सोडू नये. शेजारच्या न खाणलेल्या शेताइतके उत्पन्न सलग तीन हंगाम निघाले पाहिजे, आणि ते कृषी विद्यापीठाने मोजले पाहिजे. खात्यातली शिल्लक आणि खर्च दरवर्षी मराठीत जाहीर करावा.

कोणतीही नवी खाण, खाणीचा विस्तार किंवा वायूची विहीर सुरू होण्यापूर्वी पाच किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची पातळी व पाण्याचा दर्जा सरकारी खर्चाने मोजून त्याचा दाखला मालकाला द्यावा. त्यानंतर ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाणी घटले किंवा बिघडले तर ते प्रकल्पामुळेच झाले असे गृहीत धरावे, आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी. निरीक्षण-विहिरींचे मासिक आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. हद्दीबाहेरच्या पिकांच्या आणि घरांच्या नुकसानीसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक अर्ज-खिडकी उघडावी आणि साठ दिवसांत निर्णय द्यावा.

विस्तारासाठी आणि विशिष्ट खनिजांसाठी दिलेली जनसुनावणीची सवलत मागे घ्यावी. संपूर्ण अहवाल मराठीत, सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी ग्रामपंचायतीत ठेवावा.

बहुपीक ओलिताच्या जमिनींचे आणि चांगल्या काळ्या जमिनीचे पट्टे नकाशावर आखून, कावेरी प्रदेशाच्या धर्तीवर संरक्षित कृषिक्षेत्रे घोषित करावीत. या खोऱ्यातल्या सर्व प्रकल्पांचा एकत्रित परिणाम तपासेपर्यंत इथे नव्या वायूकरण प्रकल्पाला परवानगी देऊ नये.

या पत्राचे उत्तर मला मराठीत, लेखी मिळावे अशी विनंती आहे. माझी वही ज्यांना पाहायची असेल त्यांना ती कधीही दाखवीन. येत्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता मी नेहमीप्रमाणे दोरी घेऊन विहिरीवर असेन. आपल्यापैकी एखाद्या कार्यालयाने त्या दिवशी भूजलाचा जाणकार अधिकारी त्याच्या यंत्रासह पाठवला, तर दोन्ही मोजमापे शेजारी शेजारी लिहून त्यावर दोघांच्याही सह्या करता येतील.

आपली विश्वासू,
वर्धा खोऱ्यातील एक कास्तकार